बुधवारची विनंती

कांचघर, जबलपूर
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय शरयू,

बाबाचा सलाम आणि आशीर्वाद. तुझं पाकीट येऊन आज बारा दिवस झाले. तू चार वेळा फोन केलास आणि चारही वेळा मी काहीतरी भलतंच सांगितलं. एकदा म्हणालो चष्म्याची दांडी तुटली, एकदा म्हणालो पोस्टात लाइन फार आहे. चष्मा ठीक आहे आणि पोस्टात मी गेलोच नव्हतो. तुझा फॉर्म इथे टेबलावर आहे, दाराच्या वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर माझा जुना रंधा ठेवला आहे. सहीची जागा कोरी आहे. अठ्ठावीस तारखेच्या आत घरच्या माणसाची सही आली नाही तर तुझ्या गाईड मॅडम तो पहिला भाग घेऊ देणार नाहीत, आणि त्या भागाशिवाय प्रबंध उभा राहत नाही, हे तू मला दोनदा समजावून सांगितलंस. मला पहिल्यांदाच समजलं होतं.

तू मेसच्या कच्च्या पोळ्या खाऊ नकोस. दूध घेत जा. अठ्ठावन्नाव्या वर्षी होस्टेलचे तीन जिने दिवसातून किती वेळा चढतेस, मला तर विचार करूनच धाप लागते. गुडघ्याला तेल लावतेस का? पुण्यात या दिवसांत सकाळी थंडी असते म्हणतात, कान बांधून बाहेर निघत जा. तुला वाटेल बाबा पुन्हा सुरू झाला. पण काळजी करणं एवढं एकच काम मला नीट येतं. तू नागपूरची मेट्रनची नोकरी सोडून पाळकीय समुपदेशनात डॉक्टरेट करायला निघालीस तेव्हा तीन दिवस मला जेवण गेलं नाही. काहून, काहून, एवढंच विचारत राहिलो. चर्चच्या फाटकाशी तो बापू डॅनियल सगळ्यांसमोर म्हणाला, "साळवेजी, बिटिया को पेन्शन के साथ कॉलेज में एडमिशन भी मिला क्या?" सगळे हसले, मीही हसलो. घरी येऊन तुला फोन केला की लोक हसून राहिले. तू म्हणालीस, "हसू द्या बाबा. दुःखातल्या माणसाचं ऐकायचं आणि ऐकलेलं पोटात ठेवायचं, हे आपल्या चर्चमध्ये कोणालाच येत नाही. मला ते शिकायचं आहे, मग पाळकांना शिकवायचं आहे." मी म्हणालो, गॅसवर दूध आहे, आणि फोन ठेवला. गॅसवर काही नव्हतं.

फॉर्मसोबत तू तो पहिला भाग पाठवलास. तो इंग्रजीत. मी आठवी नापास, चौतीस वर्षं फॅक्टरीत लाकडाच्या पेट्या ठोकल्या, पेटीवरचा शिक्का उलटा लागला की सुलटा एवढंच माझं इंग्रजी. तू म्हणालीस कोणाकडून तरी वाचून घ्या. वरच्या मजल्यावरची रोशनी शाळेत इंग्रजी शिकवते, तिला सांगितलं. शाळेतून आली की ती खाली यायची, एक-दोन पानं वाचायची आणि हिंदीत सांगायची. चार दुपारी लागल्या. आपल्या अनुपमचं नाव तू लिहिलेलं नाहीस. नियमच आहे ना, सगळ्यांची नावं बदलायची. तुझ्या प्रबंधात तो तनय आहे. रोशनी "तनय" म्हणायची तेव्हा क्षणभर मला तो कोणी दुसऱ्याच घरचा मुलगा वाटायचा, आणि खोटं कशाला सांगू, बरं वाटायचं.

तू लिहिलं आहेस की १९९७च्या पावसाळ्यात कपडे धुताना तुला भावाच्या शर्टाच्या खिशात गोळ्यांची पट्टी सापडली. तू नर्स, तुला लगेच कळलं की ही मनाच्या आजाराची गोळी आहे. त्याने तुला सगळं सांगितलं आणि शपथ घातली की कोणाला कळू द्यायचं नाही. तू घाबरलीस, आणि ड्यूटीवर तुझ्या मैत्रिणीला फक्त त्या गोळीबद्दल विचारलंस. कोणासाठी, तेही तिच्या लक्षात आलं. पंधरा दिवसांत सगळ्या चर्चला कळलं होतं. पुढे तू लिहिलं आहेस की हे फक्त तुलाच माहीत होतं, म्हणजे ते तुझ्याच तोंडून बाहेर गेलं, आणि तीन महिन्यांनी तुझा भाऊ गेला. या प्रबंधाची सुरुवात माझ्या विश्वासघातापासून होते, असं तुझं वाक्य आहे. रोशनीने ते वाक्य दोनदा वाचून दाखवलं. मी सांगितलं नव्हतं, तिलाच ते पुन्हा वाचावंसं वाटलं.

आता तुला एक सांगायचं आहे जे मी आठ वर्षं सांगितलं नाही. तू विचारतेस ना, बाबा तुमचं बीपी कोण बघतं, आणि मी म्हणतो एक नर्स येते. ती नर्स अमिता आहे. तुझीच अमिता, जिच्याशी तू त्या वर्षापासून एक शब्द बोलली नाहीस. ती दर शनिवारी चार वाजता येते. बीपी बघते, आठवड्याच्या गोळ्या डबीत भरून ठेवते, चहा घेत नाही, जाते. मागच्या शनिवारी ती आली तेव्हा रोशनी शेवटची पानं वाचत होती. मी थांबव म्हणायला हवं होतं, पण कोणत्या तोंडाने म्हणणार? रोशनी हिंदीत सांगत होती, "जिस सहेली पर दीदी ने सबसे ज़्यादा भरोसा किया, उसी अवंती ने बात फैला दी." अमिताच्या हातात तो रबरी पंप होता. ती दाबतच राहिली. माझा हात इतका आवळला गेला की बोटं बधिर झाली. मग हवा सोडून ती म्हणाली, "एक सौ नब्बे. काका, नमक कम कीजिए." रोशनी डोळे पुसत होती. तिला काय माहीत. ती अमितालाच म्हणाली, "सिस्टर, आपने सुना? कैसी औरत रही होगी वो!" अमिताने पट्टा गुंडाळला, पिशवीत ठेवला, चेन लावली. मी तिला फाटकापर्यंत सोडायला गेलो. तिथे तिने विचारलं, "काका, उसमें मेरा नाम तो नहीं है ना?" मी म्हणालो, नाही, बदललं आहे. "चलो, अच्छा है," ती म्हणाली. तिची स्कूटी सुरू होईना. ती बटण दाबत राहिली, मी बाजूला उभा राहिलो.

तू तो स्वयंपाकघरातला प्रसंगही लिहिला आहेस. अनुपम आत आला, तू कणीक मळत होतीस. त्याने विचारलं, "दीदी, तू किसी को बोली क्या?" तू म्हणालीस, "फक्त अमिताला गोळीचं नाव विचारलं रे, ती कोणाला नाही सांगणार." त्यावर तो "अच्छा" म्हणाला आणि बाहेर गेला. बस, एवढंच, अच्छा. त्यानंतर तो तुझ्याशी कामापुरतं बोलायचा. तू सगळं बरोबर लिहिलं आहेस. फक्त एक गोष्ट तू लिहिली नाहीस, कारण तू माझ्याकडे पाठ करून उभी होतीस. मी दारात स्टुलावर बसून बूट काढत होतो. मी सगळं ऐकलं. लेस सुटत नाही असं दाखवून मी खाली मान घालून बसलो होतो. लेस कधीच सुटली होती, शरयू. मी ती तशीच बोटांत धरून ठेवली होती.

अनुपमने तुझ्याआधी मला सांगितलं होतं.

जुलैची गोष्ट. आम्ही कमानिया गेटला गेलो होतो, माझी घड्याळाची पट्टी बदलायला. परत येताना तो स्कूटरवर मागे बसला होता. मी नेहमीप्रमाणे बडबड करत होतो, ब्रेक नीट लागत नाही, समोरचा रिक्षावाला बघून चालवत नाही. तेवढ्यात तो मागून म्हणाला, "बाबा, मी मेंदूच्या डॉक्टरकडे जाऊन राहिलो. दोन महिने झाले." मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मग तो बोलतच गेला. त्याला सकाळी उठून कामावर जायची भीती वाटते. पाळी संपली की दहा-दहा मिनिटं सायकल स्टँडवर उभा राहतो आणि घरचा रस्ता पकडायला जमत नाही. कधी कधी वाटतं की आता पुरे. गोळ्यांनी थोडं बरं आहे, असंही म्हणाला. माझा चेहरा दिसत नव्हता म्हणूनच तो बोलू शकला असेल. मी स्कूटर थांबवली नाही. थांबवायला हवी होती का, हे मी अजून स्वतःला विचारतो. घराच्या वळणावर तो म्हणाला, "किसी को बताना मत बाबा. आईलाही नाही." मी म्हणालो, नाही सांगत. आठ-दहा दिवस सांगितलंही नाही. पण माझा स्वभाव तुला माहीत आहे. मला पेटीचा एक खिळा वाकडा गेला तरी झोप लागत नसे, आणि ही तर माझ्या मुलाची गोष्ट.

त्या बुधवारी गोहलपूरला नथ्थू मसीहच्या घरी प्रार्थनासभा होती. तुझी संध्याकाळची ड्यूटी, आईला ताप, मी एकटाच गेलो. सात-आठ माणसं होतो. गीत झालं, वचन झालं, मग पाळकसाहेब नेहमीसारखे म्हणाले, कोणाची प्रार्थनेची विनंती असेल तर सांगा. नथ्थूने मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी विनंती दिली. अमिताची आई होती, तिने मुलाच्या बदलीसाठी दिली. माझी पाळी आली. मी ठरवून गेलो होतो की फक्त "माझ्या मुलासाठी" एवढंच म्हणायचं. तेवढंच म्हणालो. पाळकसाहेब म्हणाले, "साळवेजी, खुलके बताइए, प्रभु के घर में क्या परदा?" त्यांच्याही मनात वाईट नव्हतं. आमची रीतच ती होती, नाव आणि दुखणं सांगितल्याशिवाय प्रार्थना कशी करणार? आणि मी सांगितलं. डॉक्टर सांगितला, गोळ्या सांगितल्या, सायकल स्टँड सांगितला, आता पुरे वाटतं तेही सांगितलं. रडलो. सगळ्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून प्रार्थना केली, नथ्थूच्या बायकोने पाणी दिलं. शरयू, घरी येताना मला फार हलकं वाटलं. आठ-दहा दिवसांनी मी पोटभर जेवलो आणि झोपलो. बाकी सगळं मी कसंबसं सहन करतो, पण ते जेवण आठवलं की अजूनही घास अडकतो.

पुढचं तुझ्या प्रबंधात आहेच. रविवारी चर्चनंतर बायकांनी अनुपमला घेरलं, कोणी डोक्यावर हात ठेवला, कोणी म्हणालं, "बेटा, दवाई छोड़ दे, विश्वास रख." नथ्थूचा भाऊ फॅक्टरीत त्याच्याच सेक्शनला सुपरवायझर होता. बारूद भरण्याचं काम, तिथे असा माणूस कसा ठेवायचा, म्हणून त्याला काढून भांडारात बसवलं, पावत्या मोजायला. कटनीचं स्थळ आलं होतं, त्यांचं उत्तर येणं बंद झालं. तो कोणाला काही बोलला नाही. फक्त तुला विचारलं, आणि त्याला उत्तर मिळालं. मी तेव्हा उठून म्हणालो असतो की अरे बाबा, मी बोललो, तर तो माझ्यावर ओरडला असता, घर सोडून गेला असता, काहीही झालं असतं. पण त्याच्याजवळ एक माणूस उरला असता. तू उरली असतीस. नोव्हेंबरात तो सोमवारी डबा घेऊन निघाला, फॅक्टरीत पोचलाच नाही. सायकल ग्वारीघाटला, नर्मदेच्या काठी सापडली आणि डबा हँडलला तसाच अडकवलेला, भरलेला. तो जाताना हेच समजून गेला की त्याच्या दीदीने त्याला उघडं पाडलं.

तुझ्या आईला कळलं होतं, असं मला वाटतं. कोणाकडून ते माहीत नाही. ती मला कधी काही बोलली नाही. फक्त बुधवारच्या सभेला येणं तिने बंद केलं, म्हणायची गुडघे दुखतात. रविवारी तिचे गुडघे दुखत नसत. चौदा वर्षं तिने असं काढलं आणि २०११ मध्ये गेली. आणि अमिताला तर पक्कं माहीत होतं, तिची आई त्या सभेत माझ्याशेजारीच बसली होती. पुढच्या वर्षी ती माझ्याकडे आली. उभ्यानेच म्हणाली, "काका, शरयू मुझसे बात नहीं करती. रास्ते में दिखती है तो मुड़ जाती है. माँ ने मुझे बताया है बुधवार का. मैं शरयू को बता दूँ क्या?" मी हात जोडले. म्हणालो, नको बाई, मुलगा गेला, आता ही पण सोडून जाईल, आम्हाला कोण आहे? मग "ठीक है काका" म्हणाली. सत्तावीस वर्षं झाली, तिने तो शब्द पाळला. ऐकलेलं पोटात ठेवायचं, जे तू या वयात पुण्यात शिकून राहिली आहेस, ते त्या बाईने माझ्यासाठी केलं, आणि त्यासाठी तुला गमावलं. आणि तू त्याच महिन्यात नागपूरला बदली मागून निघून गेलीस. म्हणजे जे वाचवायला मी तिला गप्प केलं तेही वाचलं नाही. लग्नाचं विचारलं की तू म्हणायचीस, बाबा, माझ्याकडे कोणाची कोणतीच गोष्ट सुरक्षित राहत नाही. मी ऐकायचो आणि पोळी मोडायचो.

तू डॉक्टरेट करायला निघालीस तेव्हा मी काहून काहून करत होतो ते तुझ्या गुडघ्यांसाठी नव्हतं. मला भीती होती की तू शिकता शिकता एक दिवस मागे जाशील आणि कोणालातरी विचारशील की त्या बुधवारी काय झालं. तू गेलीस मागे, पण विचारलं कोणालाच नाहीस. सगळा दोष आधीच स्वतःच्या नावावर घेऊन बसली होतीस, मग विचारणार काय. नथ्थू गेला, पाळकसाहेब गेले, अमिताची आई गेली. जे आहेत त्यांना वाटतं की तुला माहीतच असेल. अमिताने तर शब्द दिलेला. आता सांगणारा मीच आहे, आणि मी ऐंशीचा, बीपी एकशे नव्वद. मी फोनवर हे बोलू शकलो नसतो. तुझा आवाज आला असता आणि मी पुन्हा दुधाचं काहीतरी सांगितलं असतं.

म्हणून हे पत्र. फॉर्म सोबत जोडला आहे. त्यावर छापलं आहे की वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे, तिथे मी सही केली नाही, कारण तो खरा नाही. मागच्या कोऱ्या बाजूला त्या बुधवारची हकिकत मी मराठीत लिहिली आहे, तारीख घातली आहे आणि तिच्याखाली पूर्ण नावाने सही केली आहे. तुझ्या मॅडमना दाखव. त्यांना चालत नसेल आणि प्रबंध अडला तर तोही माझ्यामुळेच अडला असं समज, पण तुझ्या विश्वासघाताचं ते वाक्य काढून टाक. माझ्याबद्दल लिहायचं असेल तर लिही, फक्त माझं नाव बदलू नको, श्यामसुंदर साळवे असंच राहू दे. माफीचं मी काही मागत नाही. तुमच्या शास्त्रात त्यासाठी काय सांगितलं असेल ते तू माझ्यावर वापरू नकोस, मी तुझा पेशंट नाही. एकच मागतो. हे पत्र तुला सोमवार-मंगळवारपर्यंत पोचेल. त्यानंतरच्या शनिवारी, बावीस तारखेला, चार वाजता फोन कर. चारला पाच कमी असताना नको, ती चारला येते. मी फोन उचलीन, पण काही बोलणार नाही. नुसता अमिताच्या हातात देईन आणि बाहेर फाटकाशी जाऊन उभा राहीन.

अजूनही तुला वाटलं तर तुझाच,
बाबा